‘काही नाही, कमजोरी आहे’ हे उत्तर आता पुरे!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिवाजी नगरमधून एक ताई दवाखान्यात आल्या. वय ४२. घरी बसून इमिटेशन दागिन्यांच्या माळा ओवायचं काम करतात. सोबत नवरा आणि हातात कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

“डॉक्टर, पाय काढून बाजूला ठेवावेसे वाटतात,” त्या म्हणाल्या.

दुखतात का? नाही. जळजळतात का? नाही. मुंग्या येतात का? अगदी तसंही नाही. “आतून काहीतरी वळवळतं. पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही. उठून चाललं की बरं वाटतं, आडवं पडलं की पुन्हा सुरू.” दिवसा फारसा त्रास नाही. रात्री दहानंतर सुरू होतं ते दोन-अडीचपर्यंत. मग पोटऱ्या ओढणीनं करकचून बांधायच्या. धाकट्या मुलाला पायांवर उभं करून तुडवून घ्यायचं. तेही चाललं नाही की दार उघडून गल्लीत येरझारा घालायच्या. असं सात वर्षं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. “हिला झोपेची गोळी द्या डॉक्टर, आमचीपण झोप होईल. रात्री एक वाजता बाईमाणूस गल्लीत फिरतं, लोक काय काय बोलतात!”

मी पिशवी उघडली. कमरेचा एक्स-रे, पायांच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी, शुगर, युरिक ॲसिड, थायरॉइड, सगळं ‘नॉर्मल’. चिठ्ठ्यांवर कॅल्शियम, बी-१२ची इंजेक्शनं, दुखण्याच्या गोळ्या, गॅसच्या गोळ्या, सलाइन. एका चिठ्ठीवर ‘टेन्शन’ असं निदान. आणि त्या ढिगातल्या दोन चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या. मी लिहिलं होतं, ‘जनरल वीकनेस’.

म्हणजे मीही त्यांना तेच सांगितलं होतं, जे बाकीच्यांनी सांगितलं. काही नाही, कमजोरी आहे.

आजचा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. दोष देण्याची सुरुवात मी स्वतःपासूनच करतो, म्हणजे पुढे माझ्या व्यवसायबंधूंना चार शब्द सुनावले तर कुणाला राग येऊ नये.

या त्रासाला नाव आहे

त्या ताईंना जे होत होतं त्याला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. मराठीत आपण पायांची तळमळ म्हणू. कुणी याला पाय शिवशिवणं म्हणतं, कुणी पोटऱ्यांत किडे वळवळणं, कुणी नुसतंच ‘पायांना चैन नाही’. शब्द वेगवेगळे असले तरी आजार एकच.

हा आजार काल-परवाचा नाही. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी १६७२ मध्येच अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलं होतं. १९४५ मध्ये स्वीडनचे डॉ. कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी त्याचा नीट अभ्यास करून आजचं नाव दिलं. आपल्याकडे बेंगळुरूमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरातल्या दोघांना हा त्रास आढळला. आकडा लहान वाटतो? एका चाळीत किंवा एका एसआरए इमारतीत किती माणसं राहतात ते मोजा आणि मग सांगा. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, साधारण पाचातल्या एकीला होतो. किडनीच्या आजारात आणि डायलिसिसवरच्या रुग्णांमध्येही तो बराच आढळतो. चार-चार तास मशीनला जोडून पाय न हलवता पडून राहायचं, आणि पाय म्हणतात हलव! कल्पना करून पाहा.

चार प्रश्न, दोन मिनिटं

या आजाराच्या निदानाला एमआरआय लागत नाही. डॉप्लर लागत नाही. रुग्णाला चार प्रश्न विचारावे लागतात आणि उत्तर ऐकावं लागतं.

१. पाय हलवण्याची अनावर ओढ लागते का? (बहुधा सोबत आतून नकोशी वाटणारी काहीतरी संवेदना असते.)
२. बसलं किंवा पडलं की त्रास सुरू होतो वा वाढतो का?
३. चाललं, पाय ताणले, हलवले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं का?
४. संध्याकाळी आणि रात्री त्रास जास्त असतो का?

चारही उत्तरं ‘हो’ असतील आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं हे होत नाही याची खात्री केली, की निदान झालं.

ही खात्री महत्त्वाची आहे, कारण पायांच्या सगळ्या तक्रारी या आजाराच्या नसतात. रात्री अचानक पोटरीत गोळा येतो, स्नायू दगडासारखा कडक होतो, ती ‘नस चढणं’ वेगळं. मधुमेहात तळपाय जळतात, बधिर होतात. तो त्रास दिवसाही असतो आणि चालून तो जात नाही. दिवसभर उभं राहून पाय जड होतात, शिरा फुगतात आणि पाय वर ठेवले की बरं वाटतं, ते व्हेरिकोज व्हेन्स. आणि चालताना पोटरी दुखते, थांबलं की थांबते, तिथे रक्तपुरवठ्याची तपासणी हवीच. कारण हे आपल्या आजाराच्या बरोबर उलटं आहे. बसल्या बसल्या मांडी हलवत राहण्याची सवय, जिच्यासाठी आजी ओरडायची की ‘पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते’, तीही बहुतेक वेळा नुसती सवयच असते.

दोन मिनिटांत होणारं निदान सात वर्षं का रखडलं? कारण कुणी चार प्रश्न विचारलेच नाहीत. आमच्या दवाखान्यात बाकावर तीस माणसं बसलेली असतात. रुग्ण ‘पाय’ म्हणाला की आमचा हात कॅल्शियमकडे जातो आणि ‘झोप नाही’ म्हणाला की टेन्शनकडे. ही अडचण खरी आहे, पण ती सबब होऊ शकत नाही. दोन मिनिटं वाचवून आपण त्या बाईचे सात वर्षांचे पैसे आणि झोप घालवली.

डब्यातलं पीठ आणि पोत्यातले गहू

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या आजारात अनेकांच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते, ती म्हणजे लोह. आणि विशेष म्हणजे मेंदूतलं लोह.

आपल्या हालचालींवर नियंत्रण ठेवायला मेंदू डोपामिन नावाचं रसायन वापरतो. ते बनवायला लोह लागतं. मेंदूत लोह कमी पडलं की हा कारभार बिघडतो. डोपामिनचं काम दिवसभर सारखं नसतं, संध्याकाळनंतर ते ओसरतं. म्हणून त्रास रात्रीचा. काही घरांत हा आजार आनुवंशिकही असतो. आई, मावशी, भाऊ यांनाही होता का, हे जरूर आठवून पाहा.

“पण डॉक्टर, माझं हिमोग्लोबिन तर बरं आहे!” हे मला रोज ऐकू येतं. त्या ताईंचं हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणजे कागदावर ठीकच.

हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ. फेरिटिन म्हणजे पोत्यातले गहू. पोतं रिकामं होत आलं तरी डब्यात आजच्या भाकरीपुरतं पीठ असतंच. पाहुण्याला वाटतं, घरात सगळं आहे. शरीर आधी साठवणीतलं लोह संपवतं आणि सगळ्यात शेवटी हिमोग्लोबिन खाली येतं. पायांची तळमळ त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते.

म्हणून पायांची तळमळ असेल तर फेरिटिन तपासा, जमल्यास सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. तपासणी सकाळी करा आणि त्याआधी किमान एक दिवस लोहाची गोळी घेऊ नका.

आणि इथेच दुसरा खड्डा आहे. त्या ताईंचं फेरिटिन आलं ११. त्या लॅबच्या छापील मर्यादा १० पासून सुरू होत होत्या. त्यामुळे रिपोर्टवर ना ठळक अक्षर, ना बाण. म्हणजे ‘नॉर्मल’! पण या आजारासाठी नियम वेगळा आहे. मोठ्या माणसांत फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार करायचा असं आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ११ आणि ७५ यांत किती अंतर आहे ते तुम्हीच पाहा. छापील मर्यादा सर्वसाधारण लोकांसाठी असते, तळमळणाऱ्या पायांसाठी नाही.

आणखी एक बारकावा, जो आमच्या वस्तीत फार महत्त्वाचा आहे. टीबी किंवा दुसरा जंतुसंसर्ग, सांध्यांची सूज, यांत फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. अशा वेळी फेरिटिन ‘चांगलं’ दिसलं तरी सॅच्युरेशन खरं काय ते सांगू शकतं.

स्टेशन रोडवरचा आकडा

माझ्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गोवंडी स्टेशन रोडवर, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. साऱ्या देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ही संस्था करते. पाचव्या सर्वेक्षणात, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे आपण पुढे नाही, मागे गेलो.

लक्षात घ्या, हा आकडा बोटातला थेंब घेऊन मोजलेल्या हिमोग्लोबिनचा आहे, म्हणजे पिठाच्या डब्याचा. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, पण लोहाची कमतरता त्यातलं मोठं कारण. ज्यांचा डबा अजून रिकामा व्हायचा आहे पण पोतं संपत आलंय, त्या बायका या आकड्यात नाहीत. त्या कुठे आहेत? रात्री एक वाजता पोटऱ्यांना ओढणी बांधून बसल्या आहेत.

देशभरचा रक्तक्षय मोजणारी संस्था आणि लोह संपलेली ही बाई, दोघांचा पत्ता गोवंडीच. मोजणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. प्रश्न आमचा आहे, आकडा समोर असताना पाय तळमळणाऱ्या बाईला कॅल्शियम लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा.

गंमत पाहा, ‘कमजोरी आहे’ हे वाक्य तसं पूर्ण खोटं नव्हतं. काहीतरी कमी होतंच. पण काय कमी आहे, किती कमी आहे आणि का कमी झालं, हे विचारायच्या आतच आम्ही वाक्याला पूर्णविराम दिला. कमजोरी हे निदान नव्हे. तिथून तपास सुरू व्हायला हवा.

आपण देतो त्याच औषधांनी त्रास वाढतो

आता जरा कडू बोलतो. त्या पिशवीतली अर्धी औषधं निरुपयोगी होती असं मी म्हणालो असतो तर बरं होतं. त्यातली काही घातक होती.

पाय दुखतात म्हणून वर्षानुवर्षं डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. त्यांनी पोटाच्या आतल्या अस्तरातून हळूहळू रक्त झिरपू शकतं. रक्त गेलं की लोह गेलं. लोह गेलं की पायांची तळमळ वाढली. तळमळ वाढली की आणखी एक गोळी.

त्या गोळीनं पित्त होतं म्हणून रोज गॅसची गोळी. पोटातलं आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवलं की खाल्लेल्या अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

झोप येत नाही म्हणून सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी. उलटी-मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिनचं इंजेक्शन. टेन्शनसाठी ॲमिट्रिप्टिलिन, मिर्टाझपिन किंवा तशी औषधं. ही सगळी पायांची तळमळ वाढवू शकतात. (मात्र मानसिक आजाराचं औषध कुणीही स्वतःच्या मनानं बंद करू नये. ज्यांनी दिलं त्यांना सांगा, ते पर्याय शोधतील.)

आणि बी-कॉम्प्लेक्स टाकलेली ती पिवळी बाटली! तिच्यात मीठ-पाणी किंवा ग्लुकोज आणि थोडी जीवनसत्त्वं असतात. लोहाचा कणही नसतो. ती लावून घेतल्यावर तासभर पडून आराम मिळतो, म्हणून बरं वाटतं. त्या तासाच्या आरामासाठी दिवसाची मजुरी देऊ नका. रुग्ण मागतात म्हणून आम्ही देतो, असं माझे व्यवसायबंधू म्हणतात. रुग्ण मागतात, कारण आपणच त्यांना ती मागायला शिकवलं.

“हा तर औषध कंपन्यांनी मोठा केलेला आजार!”

हा आक्षेप मी शिकलेल्या माणसांकडून ऐकतो, आणि त्याला झटकून टाकणार नाही. २००५ मध्ये अमेरिकेत रोपिनिरोल या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि त्यानंतर तिथे जाहिराती व बातम्यांचा पूर आला. २००६ मध्ये स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ या संशोधक डॉक्टरांनी दाखवून दिलं की माध्यमांनी आजार फुगवून आणि औषधाचे तोटे झाकून मांडले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. ज्याला महिन्यातून एखाद्या रात्री सौम्य त्रास होतो त्याला औषध लागत नाहीच.

पुढे तर काळानं त्या औषधांचा हिशेबच मांडला. रोपिनिरोल, प्रॅमिपेक्सोल यांनी सुरुवातीला जादू झाल्यासारखं वाटतं. पण महिने-वर्षं गेली की अनेकांत उलटा परिणाम होतो. रात्री दहाचा त्रास संध्याकाळी पाचला सुरू होतो, पायांतून हातांत जातो, डोस वाढवावा तसा वाढतो. काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागल्याचंही दिसलं आहे. म्हणून अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२५ च्या सूचनांत ही औषधं नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत असं सांगितलं. तरी आपल्याकडे आजही चिठ्ठीवर ती पहिल्या ओळीत येतात. तुम्ही ती घेत असाल तर घाबरून एकदम बंद करू नका, त्रास उसळी मारतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असतात.

पण कंपन्यांनी फायदा उठवला म्हणजे आजारच खोटा, हे कुठलं तर्कशास्त्र? विलिस यांच्या काळात कुठली कंपनी होती? आणि १९५० च्या दशकात स्वीडनमध्येच नॉर्डलँडर या डॉक्टरांनी शिरेतून लोह देऊन हे रुग्ण बरे होताना पाहिले होते. लोहासारख्या साध्या, स्वस्त गोष्टीची जाहिरात कोण करणार? या आजारातली सर्वांत उपयोगी माहिती गाजली नाही, ती याच कारणानं.

“गोवंडीत टीबी आहे, तुम्ही पायांचं काय घेऊन बसलात?”

हा दुसरा आक्षेप. एका मित्रानंच केला. डम्पिंगचा धूर, टीबी, पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टो, आणि तू पायांच्या वळवळीवर लेख लिहितोस?

हो, लिहितो. ‘त्रास झाला की उठून चाला’ असं पुस्तकात लिहिलंय. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सहाजण जमिनीवर झोपलेत आणि पोटमाळ्यावर दोघं, तिथे चालायचं कुठे? गल्लीत. रात्री एक वाजता. एकटीनं. त्या ताईंवर नवऱ्यानं संशय घेतला तो याच चालण्यावरून. हा आजार माणूस मारत नाही, पण झोप मारतो. झोप गेली की ब्लडप्रेशर, चिडचिड, उदासी, कामावर चुका, रिक्षा चालवताना डुलकी. श्रीमंताच्या घरी वेगळी खोली असते, तो रात्री हॉलमध्ये फिरतो. गरिबाच्या घरी एकाचे पाय तळमळले की सगळं घर जागं राहतं. ज्यांच्याकडे विश्रांती आधीच कमी आहे, त्यांची झोप ही चैन समजायची का?

मग उपचार काय?

पहिलं, लोह कमी असेल तर लोह. पण ते का कमी झालं हेही शोधायचं. पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातला अल्सर, जंत, जेवणात कमतरता. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचं लोह कमी निघालं तर पोट-आतड्यांची तपासणी टाळू नका, तिथे कॅन्सरही लपलेला असू शकतो.

लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. पोटाला झेपत नसेल तर थोडं खाऊन. अनेकांना ती एक दिवसाआड घेतलेली चांगली झेपते आणि शोषलीही जाते. चहा, दूध, कॅल्शियम आणि गॅसच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. शौचाला काळी होते, घाबरू नका. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका. सरकारी कार्यक्रमात लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात, गरोदर स्त्रियांना लाल, किशोरवयीन मुला-मुलींना निळ्या. त्या घरातल्या डब्यात पडून राहतात, हे मी डोळ्यांनी पाहतो.

गोळ्या चालत नसतील, शोषल्या जात नसतील किंवा त्रास तीव्र असेल, तर लोह शिरेतून देता येतं. ते गल्लीतल्या सलाइनसारखं कुठेही लावायचं नाही. क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून सोय असलेल्या रुग्णालयातच.

एक इशारा: तपासणीशिवाय लोह घेऊ नका. थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह आधीच जास्त असू शकतं आणि वरून दिलेलं लोह यकृताला, हृदयाला इजा करतं.

दुसरं, त्रास वाढवणारी औषधं डॉक्टरांना विचारून बदला. संध्याकाळनंतर चहा-कॉफी, मिश्री, तंबाखू, दारू बंद करून महिनाभर पाहा. झोपण्याआधी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम, कोमट पाण्यात पाय, मालिश यांनी थोडा आराम मिळतो. ओढणी फार घट्ट बांधू नका, रक्तप्रवाह अडतो.

तिसरं, एवढं करूनही आठवड्यातून अनेक रात्री जात असतील तर औषध लागतं. आज पहिली पसंती गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन गटाला आहे. त्यांनी झोप, चक्कर येते. किडनीच्या रुग्णांना डोस कमी लागतो. म्हणून दुकानातून स्वतः आणून खायची ही गोळी नाही. त्यानंही भागलं नाही तर केईएम, सायन, नायरसारख्या रुग्णालयांतल्या न्यूरॉलॉजी ओपीडीत जा. गरोदर स्त्रियांत शक्यतो लोहावर भर देतात आणि बाळंतपणानंतर त्रास बहुधा कमी होतो. डायलिसिसच्या रुग्णांचा निर्णय त्यांच्या किडनीतज्ज्ञांनी घ्यायचा.

डॉक्टरकडे जाताना हे सांगा

‘पाय दुखतात’ म्हणू नका. ते म्हटलं की आमची गाडी जुन्या रुळावर जाते. असं सांगा: “बसलं-पडलं की पाय हलवावेसे वाटतात. चाललं की बरं वाटतं. रात्री जास्त होतं. आठवड्यातून इतक्या रात्री झोप जाते. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतो का? माझं फेरिटिन तपासाल का?” सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. जुने रिपोर्ट असतील तर ‘नॉर्मल’ या शब्दावर समाधान मानू नका, आकडा विचारा. फेरिटिन खाजगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होतं. पालिकेच्या रुग्णालयात आधी चौकशी करा. डॉक्टरांना राग येईल याची भीती बाळगू नका. ज्याला प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडे पुन्हा जायची सक्ती नाही.

घरच्यांना एकच विनंती. रात्री उठून चालणारं माणूस नाटक करत नाही. त्याला ओरडून पाय शांत होत नाहीत. जमलं तर सोबत उठा, दारापर्यंत या.

त्या ताईंच्या गर्भाशयात गाठी निघाल्या, पाळीत खूप रक्त जात होतं. त्याचा इलाज सुरू झाला, लोह सुरू झालं, दुखण्याच्या आणि गॅसच्या गोळ्या बंद झाल्या. पहिला महिना काहीच फरक नव्हता आणि त्या माझ्यावर चिडल्याही. चौथ्या महिन्यात फेरिटिन ५८ वर आलं. अजून आठवड्यातून एखादी रात्र वाईट जाते. बाकीच्या रात्री झोपतात. नवरा हल्ली एकटाच येऊन गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जातो.

‘जनरल वीकनेस’ लिहिलेली माझी ती चिठ्ठी मी त्यांच्याकडून मागून घेतली. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. बाकावर तीस माणसं असतात तेव्हा ती नजरेस पडते आणि मी चार प्रश्न विचारतो.

तुमच्या डॉक्टरांनी ते विचारले नाहीत, तर तुम्हीच उत्तरं सांगून टाका.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधं सुरू किंवा बंद करण्याआधी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)